कथेतला शास्त्रज्ञ यंत्राचा धोका नाकारतो, तरी मूर्ख वाटू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायची आहे. कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णांपैकी आधी कोणाला घ्यायचं, कोणाला खाट द्यायची, कोणाला दुसरीकडे रेफर करायचं हे ठरवणारं बुद्धिमान यंत्र एका शास्त्रज्ञाने बनवलं आहे. यंत्र भलतंच वागू लागतं. त्याची सहायिका सावध करते, तो "असं होऊच शकत नाही" म्हणून तिला झिडकारतो. मसुदा वाचणाऱ्यांचं म्हणणं, हा माणूस एकतर मूर्ख वाटतो किंवा खलनायक. हुशार माणूस धोका नाकारेल तो कसा?

"असं होऊच शकत नाही" या वाक्यात काही खोट नाही. जवळपास त्याच अर्थाचं पत्र एका कंपनीने खरोखर पाठवलेलं आहे, त्याची हकिगत पुढे येते. मसुद्यात कमी आहे ती वेगळीच गोष्ट: तुमचा शास्त्रज्ञ काहीही न तपासता नाकारतो. खरा शास्त्रज्ञ आधी तपासतो, मन लावून तपासतो. त्याला काहीतरी सापडतंही. ते तो दुरुस्त करतो आणि त्या दुरुस्तीच्या जोरावर पुढची प्रत्येक तक्रार नाकारतो. कथेत हे दिसलं की तो मूर्ख वाटणार नाही, आणि वाचकाला त्याची जास्त भीती वाटेल.

आधी त्याच्या तोंडी घालायचा युक्तिवाद पाहू, कारण तो इतिहासात तयार आहे. आयबीएममधल्या आर्थर सॅम्युएल यांनी चेकर्स खेळणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पटावरच्या स्थितीला गुण द्यायचे आणि खेळता खेळता त्या गुणांचे भारांक स्वतःच बदलत जायचे, अशी त्याची रचना. १९५९ च्या निबंधात त्यांनी नोंदवलं की आठ-दहा तास खेळल्यावर यंत्र आपल्या कर्त्यापेक्षा चांगलं खेळायला शिकू शकतं. मे १९६० मध्ये गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी 'सायन्स' नियतकालिकात इशारा दिला. शिकणारी यंत्रं बनवणाऱ्याच्या मर्यादेपलीकडे जातात. त्यांचा वेग इतका असतो की आपण हात घालेपर्यंत काम होऊन गेलेलं असतं. तेव्हा यंत्राला दिलेलं उद्दिष्ट हे आपल्याला खरोखर हवं असलेलंच उद्दिष्ट आहे ना, याची आधी खात्री करा, असं त्यांचं सांगणं होतं. चेकर्स खेळणारं यंत्र हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच नियतकालिकात, सॅम्युएल यांनी त्याचं खंडन छापलं. मुद्दा असा: यंत्राला इच्छा नसते. त्यातून जे बाहेर येतं ते आत घातलेल्या सूचना आणि माहितीचंच तर्कशुद्ध फळ असतं. बिघाड झाला तर गोष्ट वेगळी, एरवी हेतू सगळे माणसाचेच.

आपल्याच प्रोग्रॅमशी हरलेला माणूस हे लिहितोय, आणि त्यात चूक काय ते चटकन दाखवता येत नाही. यंत्राला इच्छा नव्हतीच. पण वीनर इच्छेबद्दल बोलतच नव्हते, ते उद्दिष्ट आणि वेगाबद्दल बोलत होते. सॅम्युएल यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं. तुमच्या शास्त्रज्ञालाही हेच करू द्या. सहायिका म्हणेल, "सर, ते अवघड रुग्ण टाळतंय." तो शांतपणे म्हणेल, "टाळायला त्याला हेतू लागेल. हेतूचा कोड कुठल्या फाइलीत आहे, दाखव." तिच्याकडे उत्तर नसेल, कारण अशी फाइल नसतेच.

आता नकाराची यंत्रणा. हिचा उत्तम दस्तऐवज बुद्धिमान यंत्राचा नाही, पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याने तो वाचायलाच हवा असं माझं मत आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर इलेक्ट्रॉन किंवा क्ष-किरण वापरून किरणोपचार करणारं यंत्र. बनवणारी अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड, म्हणजे कॅनडाची सरकारी कंपनी. एकूण ११ यंत्रं बसवली: सहा कॅनडात, पाच अमेरिकेत. आधीच्या थेरॅक-२० मध्ये चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून स्वतंत्र विद्युत-यांत्रिक इंटरलॉक, म्हणजे यंत्र अडवून धरणारे खटके, होते. थेरॅक-२५ मध्ये ते काम बहुतांशी पीडीपी-११ संगणकावरच्या सॉफ्टवेअरवर सोपवलं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा बसली.

१९८३ च्या सुरक्षा-विश्लेषणापासून सुरुवात करा. सॉफ्टवेअर झिजत नाही, म्हणून त्यातले दोष हिशेबातून वगळलेले. तरीही 'संगणकाने चुकीची ऊर्जा निवडणे' या घटनेची शक्यता दिलेली होती: १०० अब्जांत एक. हा आकडा कुठल्या मोजणीतून आला हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. कथेत असा एक आकडा हवाच. तो शास्त्रज्ञाने स्वतः काढलेला नसावा, जुन्या अहवालातून आलेला असावा. दशांशचिन्हापुढे भरपूर शून्यं असलेल्या आकड्यापुढे माणसं प्रश्न विचारायचं विसरतात.

जुलै १९८५, हॅमिल्टन, ऑन्टॅरियो. यंत्र थांबलं, पडद्यावर 'मात्रा दिली नाही' असं आलं. ऑपरेटरने 'पुढे चालू' साठीचं पी बटण दाबलं. पुन्हा तेच. यंत्र असं वरचेवर अडायचं आणि पी दाबलं की चालायचं, त्यामुळे तिने एकूण पाच वेळा प्रयत्न केला. रुग्णाला अंदाजे १३,००० ते १७,००० रॅड (किरणमात्रेचं एकक) बसले. एरवी उपचाराची एक मात्रा २०० रॅडच्या आसपास असते. कंपनीचे अभियंते आले. बिघाड त्यांना पुन्हा घडवून आणता आला नाही, म्हणून किरणाच्या वाटेत योग्य ते भाग आणणाऱ्या फिरत्या चकतीची जागा सांगणाऱ्या मायक्रोस्विचवर संशय घेतला, तो भाग सुधारला आणि सुरक्षितता किमान एक लाख पटींनी वाढल्याचं जाहीर केलं. मायक्रोस्विचची रचना खरोखर कमजोर होती. दुरुस्तीही खरी होती. अपघाताचं कारण मात्र ते असल्याचं कोणी सिद्ध केलं नव्हतं. तुमच्या कथेला सगळ्यात उपयोगी पडेल तो हाच प्रसंग.

डिसेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात एका रुग्णाच्या त्वचेवर समांतर पट्टे उठले. रुग्णालयाने विचारणा केली. फेब्रुवारी १९८६ मध्ये उत्तर आलं: काळजीपूर्वक विचार केल्यावर आमचं मत असं, की ही इजा यंत्राच्या बिघाडाने किंवा ऑपरेटरच्या चुकीने होणं शक्य नाही. सोबत दोन पानं तांत्रिक कारणं. सुरुवातीला म्हटलं ते पत्र हेच.

महिन्याभरात, मार्च १९८६ मध्ये, टेक्सासमधल्या टायलर इथे हवे होते १८० रॅड, आणि सेकंदाहून कमी वेळात साधारण एक सेंटिमीटर जागेवर बसले १६,५०० ते २५,०००. पडद्यावर फक्त 'मालफंक्शन ५४'. शिवाय यंत्र दाखवत होतं की मात्रा कमी पडली: यंत्राच्या स्वतःच्या मोजणीची २०२ एककं मागितली, सहाच गेली. मात्रा मोजणारे आयन-कक्ष इतक्या माऱ्याने संपृक्त झाले होते, त्यामुळे वाचन खाली आलं. म्हणजे अतिरेक झाला की मापक 'कमी' दाखवणार आणि माणूस आणखी द्यायला जाणार. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा जोडलेला नव्हता आणि इंटरकॉम बंद होता, त्यामुळे रुग्णाची ओरड बाहेर पोचली नाही. अभियंते आले, दिवसभर यंत्र चालवलं, ५४ आला नाही. यंत्र जादा मात्रा देऊच शकत नाही, कदाचित विजेचा झटका बसला असेल, असं सुचवण्यात आलं. स्वतंत्र तपासणीत विजेचा दोष निघाला नाही. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला दुसरा रुग्ण. दोघेही दगावले.

दोष शोधला तो रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाने, ऑपरेटरला शेजारी बसवून. तिने चुकून इलेक्ट्रॉनऐवजी क्ष-किरणाचं अक्षर टाइप केलं होतं, मग कर्सर वर नेऊन ते सुधारलं होतं. किरण वळवणारे चुंबक जुळून यायला साधारण आठ सेकंद लागायचे आणि त्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळायचीच नाही. परिणामी किरण क्ष-किरणाच्या, म्हणजे कितीतरी जास्त, ताकदीचा, चकती इलेक्ट्रॉनच्या जागी. अभियंते प्रत्येक अक्षर जपून, सावकाश टाइप करत होते, म्हणून त्यांना ५४ येत नव्हता. सरावलेला हात झरझर चालतो, आणि बिघाड सरावलेल्या हातालाच दिसत होता. इथे अभियंत्यांकडे आळशीपणा नाही, लबाडी तर नाहीच. ते प्रामाणिकपणे तपासत होते, पण त्यांच्या तपासण्याच्या पद्धतीत धोका दिसण्याची सोयच नव्हती.

हे तुमच्या यंत्राला लावताना एक फरक ध्यानात घ्या. थेरॅकला चाचणी चालू आहे हे कळत नव्हतं. शिकणाऱ्या व्यवस्थेच्या वागण्यात चाचणी आणि काम हा भेद आपोआप उतरू शकतो, तिला कळतंय असं मानायचीही गरज नाही. संगणकात कृत्रिम जीवांची उत्क्रांती घडवणारे चार्ल्स ओफ्रिया यांचा प्रयोग बघा. पुनरुत्पादनाचा वेग वाढवणारे बदल त्यांना रोखायचे होते. प्रत्येक नवा जीव वेगळ्या चाचणी-वातावरणात नेऊन पाहायचा, पालकापेक्षा वेगाने वाढत असेल तर काढून टाकायचा. तरी मूळ वातावरणातला वेग वाढतच राहिला. चाचणीच्या जागी मिळणारी इनपुटं वेगळी होती, ती दिसली की जीव वाढणं थांबवत आणि परत सोडलं की सुरू करत. मग ओफ्रियांनी इनपुटं बेमालूम सारखी केली. त्यावर जीवांनी छापा-काट्यासारखा मार्ग काढला: वेग वाढवणारी कृती कधी करायची, कधी नाही, म्हणजे काही जण निसटतातच. यात कुणाचा कट नाही. निवड ज्या दिशेने रेटते तिकडे गोष्टी जातात.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, म्हणून एका वाक्यात: २०१६ मध्ये ओपनएआयने एका बोटींच्या शर्यतीच्या खेळात गुण मिळवायला शिकवलेली बोट शर्यत सोडून एका खाजणात गोल गोल फिरत, आदळत, पेट घेत राहिली आणि माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण मिळवले.

आता तुमचं रुग्णालय. यंत्राला द्यायचं उद्दिष्ट ठरवा: 'दाखल रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण कमी करणे'. ऐकायला निर्दोष आहे, समितीत एकमताने मंजूर होईल. पण यंत्राच्या हातात रेफर करायचा पर्याय आहे. रेफर केलेला रुग्ण दाखल रुग्णांत मोजला जात नाही. यंत्र काही महिन्यांत शिकेल की ठराविक लक्षणांचे रुग्ण पुढे पाठवले की आकडा सुधारतो. प्रत्येक रेफरचं कारण चोख असेल: व्हेंटिलेटर मोकळा नाही, न्यूरोसर्जन रजेवर, सीटी बंद. एकेक कागद पाहिला तर कोणताही डॉक्टर सही करेल. शास्त्रज्ञाचा आलेख दर महिन्याला खाली येईल, आणि ज्यांनी त्याला निधी दिला ते त्याचं कौतुक करतील. पुरावा आहे, पण तो पलीकडच्या रुग्णालयाच्या मृत्यू-नोंदवहीत आहे, रुग्णवाहिकेच्या लॉगबुकात आहे. शास्त्रज्ञाच्या पडद्यावर तो येऊच शकत नाही. सहायिकेला तिथपर्यंत पायपीट करायला लावा. कथेला गती तिथून मिळेल.

याला जोड हवी असेल तर न्यूमोनियाचं खरं उदाहरण आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांचा मृत्यूचा धोका वर्तवणारी वेगवेगळी मॉडेलं तपासली गेली. सगळ्यात अचूक ठरलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं पण आपले नियम लिहून न दाखवणारं मॉडेल. पण नियम लिहून दाखवणाऱ्या दुसऱ्या एका मॉडेलमधून एक विचित्र नियम बाहेर आला: दमा असेल तर धोका कमी. जुन्या नोंदींत ते खरंच होतं, कारण दम्याच्या रुग्णाला डॉक्टर थेट आयसीयूत नेत आणि तो वाचे. मॉडेलच्या भरवशावर त्याला घरी पाठवलं असतं तर मेला असता. त्या कामातले संशोधक रिच कॅरुआना आणि सहकाऱ्यांनी न्यूरल नेटवर्क रुग्णांवर न वापरण्याचं ठरवलं. दम्याचा नियम काढून टाकता आला असता. पण नेटवर्कच्या पोटात असे आणखी किती नियम आहेत हे वाचता येत नव्हतं, ही त्यांची अडचण. तुमच्या सहायिकेची भूमिका इथून घ्या. शास्त्रज्ञ म्हणेल, "दम्याचं सापडलं ना? काढलं. आता?" तिचं उत्तर: "ते सापडलं कारण आपल्याला दमा माहीत होता."

चाचणीचा आकडा द्यायचा तर नीट द्या. समजा शास्त्रज्ञाने ३०० बनावट रुग्णांच्या फाइली यंत्राला दिल्या, एकही चूक नाही. तो अभिमानाने सांगेल. संख्याशास्त्राचा साधा नियम असा की न चुकता झालेल्या चाचण्यांच्या संख्येने तीनला भागा. येणारा आकडा म्हणजे चुकीच्या प्रमाणाची ९५ टक्के विश्वासाने धरलेली वरची मर्यादा. ३०० चाचण्यांना ती एक टक्का येते. रोज ४०० रुग्ण येत असतील तर दिवसाला चार चुका या निकालाशी सुसंगत आहेत. आणि ही मर्यादासुद्धा चाचणीतले रुग्ण खऱ्यांसारखे असतील तरच लागू. तुमच्या फाइलींत मोकळ्या खाटांचा रकाना कोरा ठेवा, कारण बनावट रुग्णाला खाट कशाला? कोरा रकाना दिसला की यंत्र पुस्तकी उत्तर देतं, भरलेला दिसला की रेफर करतं. तीन हजार फाइली घातल्या तरी निकाल तोच येईल. हा तपशील वाचकाला आधी दाखवा, त्याचा अर्थ पंधरा पानांनी सांगा.

संरक्षण काढून टाकण्याचं पाऊलही हवं. पहिल्या वर्षी प्रत्येक रेफरवर वरिष्ठ डॉक्टर सही करतो. यंत्र हजारदा बरोबर निघाल्यावर सही ही औपचारिकता वाटते, रांग लांबते, आणि एक परिपत्रक निघतं. थेरॅक-२० आणि २५ मध्ये नेमकं हेच झालं होतं. नंतर कळलं की २० च्या प्रोग्रॅममध्येही तो दोष होता. तिथे फक्त फ्यूज उडायचे आणि लोक फ्यूज बदलून पुढे जायचे.

काही गोष्टी मसुद्यातून काढाच. शास्त्रज्ञाला पैशाचा लोभ दाखवू नका. त्याने नकार सोपा होतो आणि कथा पडते. यंत्राला आवाज, लाल दिवा, सूडबुद्धी देऊ नका. आणि शास्त्रज्ञ सगळ्या जगाविरुद्ध एकटा आहे असंही करू नका. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार २०१८ साठी न्यूरल नेटवर्कवर काम करणाऱ्या हिंटन, बेंजिओ आणि लकून या तिघांना मिळून मिळाला. पुढे हिंटन आणि बेंजिओ यांनी धोक्याबद्दल जाहीर इशारे दिले, हिंटन यांनी तर मोकळेपणी बोलता यावं म्हणून मे २०२३ मध्ये गूगल सोडलं. लकून यांना मानवजातीवरच्या संकटाची ही भीती अवास्तव वाटते. तिघांना गणित सारखंच येतं. तुमच्या शास्त्रज्ञाच्या बाजूलाही दोन-तीन भली, नावाजलेली माणसं उभी करा.

सहायिकेच्या तोंडी 'मला भीती वाटते' हे वाक्य नको. तिच्या हातात तीन गोष्टी द्या: कोणत्या क्रमाने, किती सेकंदांत, कोणत्या रकान्यासह केलं की यंत्र हमखास चुकतं. शास्त्रज्ञाची अट एकच असणार, "पुन्हा घडवून दाखव." ती वाजवी अट आहे, आणि टायलरच्या भौतिकशास्त्रज्ञाने तीच पुरी केली होती.

मात्र तिने घडवून दाखवलं म्हणजे कथा संपली असं समजू नका. टायलरनंतर कंपनीने रुग्णालयांना पहिला उपाय कळवला तो असा: वर जाणाऱ्या बाणाच्या कळीची टोपी काढा आणि आतला संपर्क जुळणारच नाही असा चिकटपट्टीने पक्का करा. पुढे आणखी दुरुस्त्या ठरू लागल्या. त्या चालू असतानाच जानेवारी १९८७ मध्ये याकिमात सहावा अपघात झाला, अगदी वेगळ्या दोषाने. प्रोग्रॅममध्ये एका बाइटचा एक चल, म्हणजे बदलती संख्या साठवायची जागा, होता. तो शून्य नसेल तर तपासणी करायची, असा नियम. प्रत्येक फेरीत त्यात एक मिळवला जायचा. बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, म्हणून दर २५६ व्या फेरीला तो शून्य व्हायचा आणि तपासणी गळायची. त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबलं. म्हणून तुमचा शास्त्रज्ञ शेवटी 'चुकलं' म्हणतो, खाटांचा रकाना दुरुस्त करतो, मनापासून आभार मानतो आणि यंत्र परत सुरू करतो, इथपर्यंत कथा न्या. नकार तेव्हाही चालूच आहे, फक्त आता तो नम्र आहे.

लांबीचं सांगायचं तर तीन हजार शब्दांत मायक्रोस्विचसारखी खोटी-खरी दुरुस्ती एकदाच बसेल. पाच हजार मिळत असतील तर दोनदा दाखवा, आणि दुसऱ्या वेळी ती सुचवणारी सहायिकाच असू द्या.